भाव आणि मोल

ऊस विकास अधिकारी यांजकडून



गाळप हंगाम तोंडावर आला की आमच्या गट कार्यालयांतून एकच प्रश्न कानी पडू लागतो, "साहेब, यंदा पहिली उचल किती?" प्रश्न रास्त आहे. ज्याने वर्ष-दीड वर्ष उसाला पाणी धरले, खताची पोती उधारीवर आणली, सोसायटीचे कर्ज डोक्यावर घेतले, त्याने भाव विचारायचा नाही तर कोणी विचारायचा? परंतु या प्रश्नाच्या पोटात दुसरा एक प्रश्न दडलेला आहे आणि तो फारसा कोणी विचारीत नाही. आपला कारखाना आज किती मोलाचा आहे, आणि लागोपाठ दोन वाईट साले आली तर तो तग धरील काय?

भाव वेगळा आणि मोल वेगळे. भाव दरसाल बदलतो, मोल सावकाश वाढते आणि सावकाशच झिजते. भाव चौकात, चहाच्या टपरीवर, एस. टी. स्टँडवर कळतो, मोल कळायला ताळेबंद उघडावा लागतो. वार्षिक सर्वसाधारण सभा जवळ येत आहे, अहवालाची पुस्तके घरोघर पोचतील. ती माळ्यावर टाकण्यापूर्वी या विषयावर चार शब्द बोलावेत, असे आम्हांस वाटले.

आमचे शिक्षण कृषी पदविकेपुरते. शेअर बाजार हा काही आमचा प्रांत नव्हे. पण धंद्याचे खरे मोल कसे ओळखावे आणि अडचणीतला धंदा सावरण्याजोगा आहे की नाही हे कसे ठरवावे, यावर अमेरिकेत काही माणसांनी फार बारकाईने विचार केलेला आहे. तो सवडीने वाचताना आम्हांला पदोपदी आपला ऊस आणि आपला कारखाना आठवत राहिला. म्हणून तिकडची गोष्ट आधी सांगतो आणि मग आपल्या शिवारात येतो.

बाजाररावांचा स्वभाव

बेंजामिन ग्रॅहॅम हे या विचाराचे मूळ पुरुष. जन्म १८९४ सालचा, लंडनचा, वाढले न्यूयॉर्कमध्ये. १९२९ साली अमेरिकेचा शेअर बाजार कोसळला तेव्हा त्यांनाही जबर तडाखा बसला. त्या ठेचेतून त्यांनी जे शास्त्र बसवले ते १९३४ साली डेव्हिड डॉड या सहकाऱ्याबरोबर एका जाडजूड ग्रंथात मांडले आणि १९४९ साली 'द इंटेलिजंट इन्व्हेस्टर' या पुस्तकात सामान्य माणसाला समजेल असे सांगितले.

त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. शेअर म्हणजे सोडतीचे तिकीट नव्हे. तो चालत्या धंद्यातला हिस्सा आहे. तेव्हा त्या धंद्याची मिळकत काय, देणे काय, मालमत्ता काय, हे स्वतः तपासून त्याचे मोल काढावे. बाजारातला भाव त्या मोलाहून बराच खाली असेल तरच घ्यावा. जेवढे अंतर जास्त तेवढी आपली हिशेबातली चूक पोटात घालायला जागा जास्त.

हे समजावून देण्यासाठी त्यांनी एक कल्पित भागीदार उभा केला, 'मिस्टर मार्केट'. आपण त्याला बाजारराव म्हणू. हे बाजारराव रोज सकाळी दारात येतात आणि तुमचा हिस्सा घ्यायचा किंवा स्वतःचा विकायचा भाव सांगतात. मर्जी खूश असली की भाव आकाशाला, मन खट्टू असले की मातीमोल. धंदा तोच, यंत्रे तीच, माणसे तीच; बदलली ती फक्त बाजाररावांची मर्जी. शहाण्या भागीदाराने त्यांच्या बोलण्याचा फायदा घ्यावा, पण त्यांच्या बोलण्यावरून आपल्या धंद्याचे मोल ठरवू नये, असा ग्रॅहॅम यांचा उपदेश.

आता आपल्याकडे पाहा. महाराष्ट्रात २०१६-१७ च्या हंगामात सुमारे ४२ लाख टन साखर झाली. पुढच्याच हंगामात ती १०७ लाख टनांवर गेली. भाव एवढे ढासळले की २०१८ च्या जूनमध्ये केंद्राला साखरेचा किमान विक्री दर किलोला २९ रुपये ठरवावा लागला आणि २०१९ च्या फेब्रुवारीत तो ३१ करावा लागला. पुढे २०२१-२२ मध्ये राज्याने सुमारे १३७ लाख टनांचा उच्चांक गाठला. तोडणीसाठी माणसे मिळेनात, ऊस जून महिन्यापर्यंत शेतात उभा राहिला. त्यानंतर २०२४-२५ मध्ये उत्पादन पुन्हा ८१ लाख टनांच्या आसपास घसरले. म्हणजे आपल्या धंद्यात निसर्ग आणि बाजारराव हे दोघे हातात हात घालून नाचतात. अशा धंद्यात एका सालाच्या उचलीवरून कारखाना चांगला की वाईट हे ठरवणे, म्हणजे एका पावसावरून विहिरीचे पाणी जोखण्यासारखे आहे.

आणि ते 'अंतर' ठेवायचे म्हणजे काय, हे तर आपल्याला कोणी शिकवायलाच नको. लागण करताना शहाणा शेतकरी बांधाच्या कडेला थोडी जादा रोपे तयार करून ठेवतो. सगळे डोळे उगवतील असे तो कधीच धरून चालत नाही. महिन्याभरात नांग्या दिसल्या की तीच रोपे कामाला येतात. त्या रोपांवर झालेला खर्च कोणी वाया गेला म्हणत नाही. ग्रॅहॅम यांचे सगळे शास्त्र या नांग्या भरण्याच्या रोपांत आहे म्हटले तरी चालेल.

दोन धंदे, दोन निकाल

ग्रॅहॅम यांचे सर्वांत नावाजलेले शिष्य वॉरन बफे. त्यांच्या आयुष्यातील दोन प्रकरणे आपल्या कामाची आहेत. पहिले कापडगिरणीचे.

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात न्यू बेडफर्ड नावाचे बंदराचे गाव आहे. तिथे बर्कशायर हॅथवे ही कापडगिरणी होती. धंदा उतरणीला लागलेला, परंतु शेअरचा भाव इतका पडलेला की कंपनीच्या खेळत्या भांडवलाच्या हिशेबानेसुद्धा तो स्वस्त पडत होता. बफे यांनी १९६२ पासून ते शेअर घ्यायला सुरुवात केली आणि १९६५ साली कंपनीचा ताबा घेतला. व्यवस्थापक चांगला होता, कामगार समजूतदार होते. तरी वीस वर्षे खटपट करून १९८५ साली त्यांना गिरणीचा व्यवसाय बंद करावा लागला.

का? तर माल असा की गिऱ्हाईक कोणाचाही घेईल, त्यात यांच्या मालाला वेगळी किंमत नाही. नवे माग घेतले तर खर्च कमी होईल असा हिशेब दरवेळी कागदावर बरोबर दिसे. पण तोच हिशेब शेजारची गिरणीही करी, तिच्या पलीकडचीही करी. सर्वांनीच माग घेतले की कापड स्वस्त होई, फायदा गिऱ्हाइकाच्या घरी जाई आणि कर्ज गिरणीच्या माथी राही. गिरणी मोडली तेव्हा मूळ १ कोटी ३० लाख डॉलर किमतीच्या यंत्रसामग्रीचे जेमतेम १ लाख ६३ हजार डॉलर आले. १९८१ साली प्रत्येकी ५,००० डॉलर देऊन घेतलेले माग ५० डॉलरलाही कोणी उचलेना. शेवटी २६ डॉलरला एक याप्रमाणे ते भंगारात गेले. भाव स्वस्त होता म्हणून मोल होते असे नाही, हा त्या गिरणीचा धडा.

दुसरे प्रकरण मोटारविम्याचे. 'गायको' ही कंपनी १९३६ साली निघाली. मध्ये एजंट न ठेवता, टपालाने, मुख्यतः सरकारी नोकरांना मोटारीचा विमा विकायचा ही तिची रीत. एजंटाचे कमिशन वाचले म्हणून विमा स्वस्त, आणि सांभाळून गाडी चालवणारी गिऱ्हाइके म्हणून भरपाईही कमी. धंदा भरभराटीला आला. पुढे वाढीची घाई झाली. कोणाचाही विमा उतरायला सुरुवात झाली, हप्ते पुरेसे घेतले नाहीत, आणि द्याव्या लागणाऱ्या भरपाईचा अंदाज कमी धरून ताळेबंद बरा दाखवला गेला. एकट्या १९७५ सालचा तोटा १२ कोटी डॉलरवर गेला. १९७२ मध्ये ६१ डॉलरला असलेला शेअर १९७६ मध्ये २ डॉलरवर आला. कंपनी बुडाली, असेच सर्वांनी धरले.

१९७६ च्या मे महिन्यात जॉन बर्न या गृहस्थांनी सूत्रे हाती घेतली. त्यांनी केलेल्या गोष्टी ऐकायला साध्या आहेत. आधी खरा तोटा किती ते उघड केले. हप्ते वाढवले. जिथे पुरेसा हप्ता मिळत नव्हता तो मुलूख सोडला. न्यू जर्सी राज्यातला धंदाच बंद केला. कचेऱ्या आणि माणसे कमी केली. इतर विमा कंपन्यांना जोखमीचा वाटा उचलायला राजी केले, आणि सुमारे ७ कोटी ६० लाख डॉलरचे नवे भांडवल उभे केले. बफे यांनी त्याच पडत्या काळात हे शेअर घेतले. कंपनी सावरली. १९९५ साली उरलेला निम्मा हिस्सा घेण्यासाठी बफे यांच्या कंपनीने २३० कोटी डॉलर मोजण्याचे ठरवले. २ डॉलरच्या भावाला घाबरून ज्यांनी शेअर फुंकून टाकले, त्यांना ते मोल दिसले नव्हते.

केवडा की हुमणी?

गिरणीही आजारी होती, विमा कंपनीही आजारी होती. एक गेली, एक उठून उभी राहिली. फरक कशात होता?

उसाच्या भाषेत सांगतो. प्लॉट पिवळा पडलेला दिसला की आम्ही लांबून निदान करीत नाही. चुनखडीच्या रानात लोह कमी पडले तर ऊस पिवळा पडतो, त्याला आपण केवडा म्हणतो. हिराकस वेळेवर दिले की पंधरा-वीस दिवसांत पान हिरवे होते. पण हुमणीने मुळ्या खाल्ल्या तरीही ऊस पिवळाच पडतो, आणि ते बेट हाताने ओढले तर अलगद उपटून येते. वरून दोन्ही पिवळे. म्हणून आधी बुंध्याशी बसून माती उकरायची, मुळी बघायची आणि मग औषध सांगायचे. केवडा पडलेला प्लॉट मोडणारा जसा नुकसानीत जातो, तसाच मुळी खाल्लेल्या प्लॉटला युरियाची पोती ओतणाराही नुकसानीत जातो.

विमा कंपनीला केवडा झाला होता. स्वस्तात विमा देण्याची तिची मूळ ताकद, म्हणजे मुळी, शाबूत होती. गिरणीची मुळीच गेली होती. तिचा माल कुठूनही येऊ शकत होता, कोणीही करू शकत होते.

मग साखर कारखान्याचे काय? आमचे मत स्पष्ट आहे. पाणी आणि ऊस असलेल्या मुलखात कारखान्याची मुळी भक्कम असते, कारण ऊस हा कापसासारखा लांबचा प्रवास करणारा माल नाही. तोडल्यापासून त्यातली साखर घटू लागते, चोवीस तासांच्या आत तो गव्हाणीत पडावा लागतो. शेताजवळचा कारखाना ही शेतकऱ्याची आणि ऊस ही कारखान्याची अशी गरज आहे की ती दुसरे कोणी सहजासहजी भागवू शकत नाही. म्हणून ज्या भागात पाणी टिकून आहे तिथला कारखाना पिवळा पडला तर शंभरातल्या बहुतेक वेळा तो केवडा असतो: कर्ज फार झालेले, खर्च सुटलेला, साखर चुकीच्या वेळी विकलेली, तोडणीचे नियोजन ढासळलेले. हे सगळे बरे होणारे रोग आहेत. मात्र वेळेवर. नाहीतर केवड्याचीही पुढे हुमणी होते, कारण कर्जाचे व्याज हीदेखील एक मुळी खाणारी अळीच आहे.

आपल्या भागाचे मोल कोणाच्या हाती?

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. बफे यांच्या शेअरला बाजार आहे. आपल्या भागाला बाजार नाही. तुमच्या भागाची दर्शनी किंमत तेवढीच राहते, लाभांशालाही सहकार कायद्याने मर्यादा घातलेली आहे. मग भागाचे मोल दिसते कुठे? ते तीन ठिकाणी दिसते: उसाच्या भावात, हक्काच्या गाळपात आणि कारखान्याच्या मालमत्तेत. पहिले दरसाल हातात पडते म्हणून त्याची चर्चा होते. दुसऱ्याची आठवण ऊस जास्त झालेल्या सालीच येते. तिसऱ्याकडे कोणी पाहातच नाही.

पण पाहणारे पाहतात. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत राज्यातले कितीतरी सहकारी कारखाने कर्जापायी लिलावात निघाले. घेणाऱ्यांनी काय पाहिले? यंत्रे जुनी, हंगाम बंद, कामगारांचे पगार थकलेले, गावात निराशा. म्हणजे भाव पडलेला. पण जमीन, पाणी, रस्ते, भोवतालचा ऊस आणि शेतकऱ्याला शिकवून तयार केलेले कार्यक्षेत्र; म्हणजे मोल शाबूत. पडत्या भावात शाबूत मोल घ्यायचे, हेच तर ग्रॅहॅम यांनी शिकवले! वाईट एवढेच की ते शास्त्र घेणाऱ्याने वापरले आणि मूळ मालकाला ते ठाऊक नव्हते. लिलावाच्या पैशात आधी बँकेची देणी जातात; भागधारकाचा नंबर सर्वांत शेवटी लागतो, आणि तिथवर बहुधा काही उरत नाही. मुंबईच्या गिरण्या १९८२ च्या संपानंतर एकामागून एक बंद पडल्या तेव्हाही मागांपेक्षा जमिनीचे मोल मोठे निघाले. आपल्याकडच्या अनेक घरांतली माणसे त्या गिरण्यांत होती. ते मोल कोणाच्या पदरात पडले आणि कोणाच्या नाही, हे त्या घरांना विचारावे.

१९५० साली लोणीला प्रवरेच्या काठी सहकारी कारखाना सुरू झाला, तेव्हा विठ्ठलराव विखे पाटील आणि डॉ. धनंजयराव गाडगीळ यांच्या शब्दावर ज्या शेतकऱ्यांनी भाग घेतले त्यांच्यापुढे ना चिमणी होती ना पहिली उचल. भाव काही नसताना त्यांनी मोल ओळखले. आपल्या कारखान्याचे पहिले भाग ज्यांनी घेतले त्या वडीलधाऱ्यांचेही तेच. त्या पैशाला आज आपण मालक म्हणून बसलो आहोत. मालकाने मालकासारखा हिशेब केला पाहिजे.

मग करायचे काय?

यावर आमच्या तीन सूचना आहेत. त्या कोणाला पटतील, कोणाला पटणार नाहीत. पण सभेत त्यांवर बोलणे व्हावे.

पहिली सूचना, चांगल्या सालात वाईट सालाची ठेव. एफआरपी ही कायद्याची आहे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ती चौदा दिवसांत मिळाली पाहिजे आणि उशीर झाल्यास पंधरा टक्के व्याज. तिला हात लावण्याची गोष्टच नाही. प्रश्न आहे तो तिच्यावर जे उरते त्याचा. कायदा म्हणतो, निव्वळ नफ्याचा किमान चौथा हिस्सा राखीव निधीत टाका. पण सहकारी कारखाने उरलेला पैसा बहुतेक उसाच्या भावातच वाटून टाकतात, त्यामुळे नफा नावापुरता राहतो. नावापुरत्याचा चौथा हिस्सा तोही नावापुरताच.

एक साधा हिशेब मांडतो. समजा, एखाद्या कारखान्याचे गाळप ५ लाख टन आहे. चांगल्या सालात अंतिम बिलातून टनाला ५० रुपये बाजूला ठेवले तर अडीच कोटी रुपये होतात. ज्याचा ऊस ८० टन त्याचे ४,००० रुपये. आता वाईट सालात समजा १ लाख क्विंटल साखर गोदामात पडून आहे आणि तिच्या तारणावर बँकेचे ३० कोटी रुपये बारा टक्क्यांनी उचललेले आहेत. महिन्याचे व्याज झाले ३० लाख. हे अडीच कोटी हाताशी असतील तर आठ महिन्यांचे व्याज भागते. केंद्राचा महिन्याचा विक्री कोटा असतो, तो पाळूनही मग हातघाईवर येऊन पडेल त्या भावाला साखर फुंकायची पाळी येत नाही. हीच ती नांग्या भरायची रोपे.

यावर एक आक्षेप आम्हांला आजच ऐकू येतो आहे: "आमचे घर चालायचे कसे? आणि ठेवलेला पैसा वरच्यावर कोणी खाल्ला तर?" पहिल्या भागाचे उत्तर असे की ज्याचा ऊस थोडा आहे त्याच्याकडून कपात कमी किंवा शून्य करावी, त्याच्या चुलीवर ठेव उभी करू नये. दुसऱ्या भागाचे उत्तर असे की शंका अगदी बरोबर आहे. हिशेबाशिवाय ठेव म्हणजे राखणदाराशिवाय शेत. म्हणून ती ठेव सभासदाच्या नावाने, व्याजासह, परतीची असावी. बँकेत वेगळ्या खात्यावर असावी. आणि सर्वसाधारण सभेच्या ठरावाशिवाय तिला कोणी हात लावू नये. नव्या गाडीला, नव्या कमानीला तर नाहीच नाही.

दुसरी सूचना, शेजाऱ्याने घेतले म्हणून यंत्र घेऊ नये. न्यू बेडफर्डचे २६ डॉलरचे माग आठवावेत. शेजारच्या कारखान्याने गाळप क्षमता वाढवली की आपल्यालाही वाढवावीशी वाटते. पण सर्वांनीच गव्हाण रुंद केली आणि ऊस तेवढाच राहिला तर हंगामाचे दिवस घटतात, यंत्रे वर्षातले आठ-नऊ महिने उभी राहतात, व्याजाचे मीटर मात्र बारा महिने चालते. आसवनीचेही तेच. इथेनॉलने अनेक कारखान्यांना हात दिला हे खरे आहे. पण २०२३ च्या डिसेंबरमध्ये केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर एका आदेशाने बंधन घातले, आणि नव्या आसवनीसाठी कर्ज काढलेल्यांची झोप उडाली. २०२४ च्या ऑगस्टमध्ये पुढील वर्षासाठी ते बंधन उठले, पण मधल्या काळातला हप्ता काही थांबला नव्हता. प्रकल्प करू नयेत असे आमचे म्हणणे नाही. एक वर्ष उत्पन्न आलेच नाही तर हप्ता कोठून भरणार, याचे उत्तर आधी कागदावर असावे आणि मगच भूमिपूजनाचा नारळ फोडावा.

तिसरी सूचना, वाईट सालात उघड हिशेब आणि एकजुटीचा ऊस. बर्न यांनी पहिले काम केले ते खरा तोटा सांगण्याचे. संचालक मंडळास आमची विनंती आहे की याच वार्तापत्रात दर तिमाहीस पाच आकडे छापावेत: साखर उतारा, क्विंटलमागे प्रक्रिया खर्च, एकूण कर्ज व त्याचे व्याज, शिल्लक साखर, आणि ऊस, तोडणी-वाहतूक व पगार यांची थकलेली देणी. बस्स, पाचच. चांगल्या तिमाहीतही छापावेत आणि वाईट तिमाहीत तर हटकून छापावेत. आकडे दडवले की अफवा पिकतात, आणि अफवेचा उतारा नेहमीच भरघोस असतो.

आणि सभासदांस आमची विनंती. वाईट सालातच दुसऱ्या कारखान्याचा माणूस बांधावर येतो आणि टनाला ५० रुपये जादा सांगतो. मोह होणे माणसाचे आहे. पण पुन्हा हिशेब करू. समजा, कारखान्याचा स्थिर खर्च, म्हणजे पगार, व्याज, देखभाल, सालाला ३० कोटी आहे. ५ लाख टनांवर तो टनाला ६०० रुपये पडतो. १ लाख टन ऊस बाहेर गेला तर उरलेल्या ४ लाख टनांवर तो ७५० होतो. म्हणजे गेलेल्याने ५० मिळवले आणि राहिलेल्याच्या डोक्यावर १५० ठेवले. राहिलेल्यांत त्याचा सख्खा भाऊही असतो. पुढल्या साली भावही जातो, मग सगळा ऊस जातो, आणि त्यानंतर बांधावर आलेला तोच माणूस ५० जादा देत नाही, कारण आता दुसरे दार उरलेले नसते.

अर्थात एकजूट ही एका बाजूने होत नाही. ज्याची आडसाली जुलैची लागण आहे त्याच्या उसाला तुरे येऊन पोकळ पडेपर्यंत तोड मिळाली नाही, तर त्याला निष्ठेचे धडे देण्याचा अधिकार आमच्या शेतकी खात्याला उरत नाही. लागण नोंदीच्या क्रमाने तोड, काट्यावर बिनचूक वजन आणि चौदा दिवसांत बिल, ही आमची बाजू. ती पाळली गेली नाही तर सभेत उभे राहून आम्हांला विचारा. मालकाने नोकराला विचारलेच पाहिजे.

खोडवा ठेवायचा की मोडायचा हे ठरवताना आपण काय पाहतो? मागच्या सालचे टनेज कोणी विचारत नाही. नांग्या किती, फुटवा कसा, मुळी जिवंत आहे का, हे वाकून पाहतो. कारखान्याकडेही तसेच वाकून पाहावे एवढेच आमचे सांगणे. येत्या सभेला येताना अहवालाचे पुस्तक घेऊन या. लाभांशाचे पान तर बघाच, पण त्याच्या आधी कर्जाचे पान उघडा, व्याजाखाली पेन्सिलीने रेघ ओढा, मागच्या सालच्या आकड्याशी ताडून पाहा आणि समजले नाही तिथे हात वर करा. पहिली उचल किती, हेही जरूर विचारा. फक्त तो त्या दिवशीचा दुसरा प्रश्न असू द्या.

जय सहकार!